आठ दिवसांच्या बोलीवर घर

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं जुनी माणसं सांगून गेली. बांधून पाहा म्हणाली, राहून पाहा असं काही कोणी म्हणालं नाही. ते म्हणायला करमाडच्या वच्छलाबाईंना यावं लागलं. आणि त्या शहाणपणानं म्हणाल्या असंही कोणी समजू नये. त्या रागानं म्हणाल्या.

रागाचं कारण असं. नानासाहेबांची सात एकर जमीन कारखान्यांसाठी गेली, पैसा आला, आणि पैसा आला की माणसाला जे होतं ते नानासाहेबांना झालं. गावातल्या निम्म्या घरांनी शहरात घर घेतलं होतं. थोरले भाऊ कारभारी, त्यांच्या लेकानं घेतलं. समोरच्या किराणावाल्यानं घेतलं. मग आपणच का मागं राहायचं? एक दिवस नानासाहेब मोटारसायकलवर शहरातल्या गारखेड्यात गेले, काकासाहेब नावाच्या निवृत्त मास्तरांचं दोन खोल्या आणि गच्चीचं घर त्यांनी पाहिलं, तिथंच चहा पिऊन शब्द दिला, आणि संध्याकाळी घरी येऊन भाकरी मोडता मोडता बायकोला सांगितलं, की पुढल्या महिन्यापासून आपण दोघं शहरात राहणार. सांगितलं, विचारलं नाही, आणि वरून आमटी वाढायला सांगितली.

वच्छलाबाईंना शहराचं वावडं होतं असं नाही. पण चाळीस वर्षांच्या संसारात त्यांना कोणी काही विचारलंच नव्हतं. लग्न ठरलं तेव्हा विचारलं नाही, दोन्ही मुलींची लग्नं ठरली तेव्हा विचारलं नाही, जमीन गेली तेव्हा सही कुठं करायची तेवढं बोटानं दाखवलं. आता गोठ्यातल्या दोन म्हशी, दुपारच्या चार मैत्रिणी आणि पायाखालचं सगळं गाव सोडायचं, तर निदान या वेळी तरी 'तुला यायचंय का' एवढं विचारायला काय जीभ झिजत होती? त्यांचं मागणं तेवढंच होतं, आणि त्यासाठी त्या घराचा व्यवहार मोडायला तयार होत्या.

आता नानासाहेबांची दुखरी नस कोणती, हे चाळीस वर्षं नांदलेल्या बाईला ठाऊक नसेल तर कोणाला असणार? नानासाहेब बैलाचे पारखी. पंचक्रोशीत कोणाला बैल घ्यायचा झाला की त्यांना जीपमध्ये घालून बाजाराला न्यायचे. आणि बैलाच्या व्यवहाराला आमच्याकडं एक रीत आहे. थोडा बयाणा, म्हणजे आगाऊ पैसे, द्यायचा आणि बैल आठ दिवसांच्या बोलीवर घरी आणायचा. औताला जुंपायचा, गाडीला जुंपायचा, रात्री गोठ्यात कसा बसतो ते बघायचं. आठ दिवसांत खोड निघाली, म्हणजे मारकुटा निघाला, औतात बसला, खांदा चोरायला लागला, तर बैल परत, बयाणा परत, आणि कोणी कोणाला वावगा शब्द बोलायचा नाही. खोड नाही निघाली तर बैल तुमचा.

वच्छलाबाईंनी आमटी वाढली आणि सगळं घर जेवायला बसलेलं बघून विचारलं, "आवो, चाळीस-पन्नास हजाराचा बैल तुमी आठ दिस जुंपून बघता. अन् ह्या घराला नुसता दारातून बघून शब्द दिलाव? दात तरी बघितले का त्याचे?"

कारभारींना हसताना ठसका लागला. जाऊबाई भागूबाईंनी तोंडाला पदर लावला. नानासाहेब चिडले, पण पारख्याला पारखीतच धरलं तर तो सुटणार कसा? दुसऱ्या दिवशी त्यांनी काकासाहेबांना फोन केला. मास्तरही मूळचे खेड्यातलेच, त्यांना ती रीत माहीत होती, आणि लेकीकडं नाशिकला जायची घाई असूनही सहा महिन्यांत धड गिऱ्हाईक आलेलं नव्हतं. ते म्हणाले, बयाणा द्या आणि या खुशाल, मी आठ दिवस पडेगावला बहिणीकडं राहतो, नवव्या दिवशी सकाळी येऊन तुमचा जबाब घेतो.

निघायच्या आधी नानासाहेबांनी बायकोला अट सांगितली. एका खोडीपायी शब्द मोडायचा नाही, शब्दालाही काही किंमत असते. तीन खोडी डोळ्यांसमोर दाखवल्या तर मात्र आपण शब्द मागं घेऊ. वच्छलाबाई बरं म्हणाल्या. भागूबाईंचं त्यांच्याविषयी एक कायमचं मत होतं, की तांदळात खडा सापडला नाही तर वच्छला आपल्याजवळचा टाकून काढील. ते मत खोटं नव्हतं.

टेंपोत एक शेगडी, दोन वळकट्या, जवारीच्या पिठाचा डबा आणि नानासाहेबांची तंबाखूची चंची एवढा संसार घालून दोघं गारखेड्यात उतरली. घर साफसूफ होतं. जरा जास्तच साफसूफ होतं. दारं तेल पाजलेली, फरशी पुसलेली, आणि नळ सोडला तर पाणी धो धो. गल्लीत मात्र ज्याच्या त्याच्या दाराशी निळे ड्रम भरून ठेवलेले. ज्या गल्लीत ड्रम आहेत तिथं नळाला रोज पाणी येत नाही, हे कळायला मास्तर असावं लागत नाही. म्हैस विकणारा व्यापारी आदल्या वेळची धार काढत नाही, म्हणजे गिऱ्हाइकासमोर कास भरलेली दिसते. काकासाहेबांनी टँकर मागवून तेच केलं होतं.

"कास तुंबवलीय मास्तरानं," वच्छलाबाई म्हणाल्या.

नानासाहेबांनी मान हलवली. ती खोड नव्हे, व्यापार आहे, सगळेच करतात. मग वच्छलाबाईंनी बाहेरच्या खोलीकडं मोर्चा वळवला. एकाच भिंतीवर तीन कॅलेंडरं शेजारी शेजारी टांगलेली होती, आणि तिन्हींवर वेगवेगळा महिना होता. त्यांनी तिन्ही उतरवली. मागं सुपाएवढी ओल. नानासाहेबांनी ती चष्मा लावून पाहिली आणि निकाल दिला, की बैलाच्या अंगावर डाग असतो, त्यानं तो औत ओढायचा राहत नाही. पहिला दिवस असा कोरडा गेला.

दुसऱ्या दिवशी वच्छलाबाईंनी सगळं घर ठोकून, हलवून, वास घेऊन पाहिलं. खोड म्हणावी असं काही हाताला लागेना. मग त्यांना भागूबाईंचं मत आठवलं आणि त्यांनी शेगडीजवळचं जुनं फडकं उचललं. नानासाहेब आंघोळीला जायच्या आधी ते मोरीच्या भोकात लाकडानं नीट कोंबून बसवलं. थोड्या वेळानं आतून आरोळी आली. नानासाहेब घोट्याएवढ्या पाण्यात उभे होते आणि साबण त्यांच्याभोवती फिरत होता. वच्छलाबाई दारात अशा चेहऱ्यानं उभ्या राहिल्या, की गोठ्यातली म्हैस त्यांच्यापुढं लबाड वाटावी. त्या हळहळून म्हणाल्या, घर पाणी गिळत नाही, आता रोजची कटकट. नानासाहेबांनी धोतराचा सोगा वर धरून कबूल केलं, की ही एक खोड झाली. ते फिरायला बाहेर पडले तसं वच्छलाबाईंनी फडकं उपसून गच्चीवर वाळत घातलं.

फिरायला जाण्याचं नानासाहेबांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं. शहरात राहायचं तर शहर पायाखाली घालायला हवं, असं त्यांचं म्हणणं. सकाळी आठला भाकरी बांधून घ्यायची आणि निघायचं, ते चार-पाचला परत. वच्छलाबाईंना ते सोयीचंच होतं. खोडी काढायला घर मोकळं लागतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला नानासाहेब पंख्याखाली पाय पसरून बसले होते. वच्छलाबाई पीठ मळता मळता उठल्या, जिन्याखालच्या विजेच्या पेटीपाशी गेल्या आणि खटका खाली ओढून परत परातीशी येऊन बसल्या. पंखा थांबला, अंधार झाला. बाहेर गल्ली मात्र लखलखत होती. नानासाहेब अंधारातच म्हणाले, की बरोबर, ही दुसरी. एवढ्यात समोरची बाई मोबाइलचा उजेड घेऊन आत आली. कोणाला काही न विचारता ती सरळ जिन्याखाली गेली.

ही आवडाबाई. तिचा नवरा सोनाजी मेंढरं विकून शहरात आलेला, एका शाळेवर रात्रीचा पहारेकरी. आवडाबाई दोन घरच्या पोळ्या लाटायची आणि उरलेल्या वेळात गल्लीवर पहारा करायची. तिनं खटक्यावर उजेड धरला. खटक्यावर जवारीच्या पिठाची दोन बोटं उमटली होती. तिनं वच्छलाबाईंच्या हाताकडं पाहिलं, पदरानं ती बोटं पुसली, खटका वर केला आणि नानासाहेबांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, की ह्या घराची लाईट जाती बगा मधी मधी.

दुसऱ्या दिवशी नानासाहेबांची पाठ वळताच ती पुन्हा आली. ह्या वेळी उंबऱ्यावर बसली.

"अक्का, घर नको असलं तर सरळ नको म्हणावं. खटक्याला पीठ कशाला चारता?"

वच्छलाबाईंना इतकं हसू आलं की त्यांनी तिला सगळं सांगून टाकलं. बैलाची रीत, तीन खोडींची अट, मोरीतलं फडकं. आवडाबाईला तर मेजवानीच मिळाली. मास्तर काही तिचा मावसभाऊ लागत नव्हता. ती म्हणाली, तिसरी खोड आता वाया घालवू नका, जबाबाच्या दिवशी सकाळीच काढू, म्हणजे ताजी राहील. स्वयंपाकघराच्या खिडकीची चौकट एका खिळ्यावर उभी आहे, तो खिळा कोणता ते मला माहीत आहे. दोघींनी तसं ठरवलं. आणि ठरल्यामुळं वच्छलाबाईंना चार दिवस काही कामच उरलं नाही. सगळा घोळ तिथं झाला.

काम नाही म्हणून त्यांनी चहा केला. करमाडात चौदा माणसांचा चहा व्हायचा. आधी भाऊजी, मग आले-गेले, मग पुरुषमाणसं, मग पोरं. वच्छलाबाईंच्या हातात कप यायचा तेव्हा त्यावर साय धरलेली असायची, आणि चहा म्हणजे असाच असतो अशी त्यांची चाळीस वर्षांची समजूत होती. इथं एकाच कपाचा चहा केला आणि गाळल्या गाळल्या तोंडाला लावला. जीभ भाजली. पण त्या दुसराही तसाच प्यायल्या.

मग ओसरीत मास्तरांची वेताची खुर्ची होती तिच्यावर बसल्या. करमाडात थोरल्या दिरासमोर खुर्चीवर बसायची चाल नव्हती, आणि थोरले दीर घरातून कधी हलायचेच नाहीत. वच्छलाबाई आधी टोकावर बसल्या, मग मागं रेलल्या, मग पदर डोक्यावरून घसरला तरी त्यांनी सावरला नाही. दुपारी दाराला आतून कडी घालून त्या झोपल्या. घराला आतून कडी घालून भरदुपारी झोपणं ही गोष्ट त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा केली, आणि उठल्यावर थोडा वेळ आपण कोण, कुठं हेच त्यांना आठवेना.

पाचव्या दिवशी आवडाबाई त्यांना भाजी आणायला घेऊन गेली. वच्छलाबाईंनी पावशेर भेंडी मागितली. गावाकडं त्या पाटीनं घ्यायच्या. भाजीवाल्यानं विचारलं, "बाई, घरात उपास है क्या?" त्या रस्त्यातच हसत सुटल्या. पुढं दोघींनी हातगाडीवर बर्फाचा गोळा खाल्ला. साठीला आलेल्या दोन बायका तोंड लालभडक करून घरी आल्या, आणि वच्छलाबाईंनी आरसा बघून पुन्हा हसून घेतलं. संध्याकाळी कबुतरं आली तेव्हा त्या ओरडल्या, की आमच्या गच्चीवर घाण करता काय रे मेल्यांनो.

खालून आवडाबाईनं विचारलं, "आमच्या?"

वच्छलाबाईंनी कबुतरांवर उगारलेला हात खाली घेतला.  हे घर आपल्याला हवं आहे हे त्यांना त्या क्षणी कळलं. इथं सकाळ त्यांची होती, चहा त्यांचा होता, कडी त्यांची होती. आणि दोन खोडी त्यांनीच आपल्या हातानं घराच्या गळ्यात बांधल्या होत्या. कोणी घालवायला सांगितलं नसताना आपणच घालवायला निघालो, ह्याची त्यांना इतकी शरम वाटली की रात्रीची भाकरी करपली. सकाळी त्यांनी आवडाबाईला सांगितलं, की खिळ्याला हात लावायचा नाही. आवडाबाईनं का म्हणून विचारलं नाही. तिनं सोनाजीला सांगून तो खिळा उलट पक्का ठोकून घेतला.

सहाव्या दिवशी नानासाहेब निघायच्या आधी गच्चीवर गेले. कबुतरं बघतो म्हणाले. चाळीस वर्षांत त्यांनी कबुतराकडं मान वर करून पाहिलं नव्हतं, पण वच्छलाबाईंचं तिकडं लक्ष नव्हतं. दुपारी भांडी घासायला नळ सोडला तर नुसता फुस्स आवाज आला. मोरीतला नळ सोडला, तोही कोरडा.  खोड निघाली म्हणायची, ती पण खरीखुरी. त्या धापा टाकत गच्चीवर गेल्या. टाकी रिकामी, गच्ची ओली, आणि टाकी धुवायची तळाची चावी सताड उघडी. चावीच्या पितळी कानावर चुन्याचा पांढरा अंगठा उमटला होता.

ह्या घरात चुना लावून तंबाखू मळणारं माणूस एकच होतं.

वच्छलाबाई कठड्यावर बसून राहिल्या. चोराच्या घरात चोर शिरला म्हणावं, तर हा चोर आपलाच नवरा. ज्या माणसानं चहाच्या एका कपावर शब्द दिला, ज्याला शहराशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं, तो स्वतःच घराला लंगडं करायला का निघाला हे त्यांना कळेना. पण कळायला वेळ नव्हता, पाच वाजत आले होते. त्यांनी चावी बंद केली, चुना खरडून काढला आणि गच्चीवरूनच आवडाबाईला हाक मारली. सोनाजी झोपेतून उठून आला. त्यानं आपल्या टाकीला नळी लावली, गल्लीच्या वरून ती ह्या गच्चीवर फेकली आणि अर्धी टाकी भरून दिली.

नानासाहेब आले. हातपाय धुवायला म्हणून सरळ मोरीत गेले. वच्छलाबाई शेगडीपाशी कान देऊन होत्या. नळ सोडल्याचा आवाज आला, आणि पाणी बदाबदा पडल्याचा आला. नानासाहेब बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा ते तडक गच्चीवर जाऊन टाकीत डोकावून आले आणि मग जेवायला बसले. पाण्याला इथं तोटा नाही, असं वच्छलाबाईंनी वाढताना सहज सांगितलं. हवा मात्र कोंदट आहे, असं नानासाहेब म्हणाले. त्यावर गावाकडं आता कारखान्यांची धूळ फार झाली, असं वच्छलाबाई म्हणाल्या. दोघांनीही एकमेकांकडं जरा चमकून पाहिलं, पण कोणी पुढं विचारलं नाही. त्या घरात विचारायची सवयच नव्हती.

कोडं सुटलं ते सातव्या दिवशी, धुण्यात. नानासाहेबांच्या सदऱ्याचा खिसा उलटा केला तर तंबाखूच्या चुऱ्यात मळलेल्या बसच्या तिकिटांचा बोळा निघाला. जाताना करमाड, येताना करमाड. दुसऱ्या दिवसापासून एकही दिवस चुकला नव्हता. गडी रोज शहर पायाखाली घालायला म्हणून निघायचा आणि थेट गावात जाऊन उतरायचा.

वच्छलाबाईंना आधी हसू फुटलं. आपली भाकरी बांधून घेऊन हा माणूस म्हशींपाशी बसून खात असणार आणि कारभारी भाऊजींना 'जरा काम होतं' असं रोज नवीन कारण सांगत असणार. मग त्यांना त्याचं वाईट वाटलं. सात एकरांवर फिरलेल्या पायांना ह्या दोन खोल्यांत कुठं फिरवायचं? शेत गेल्यावर त्याच्याजवळ म्हशी आणि पारावरचे चार जण एवढंच उरलं होतं, आणि तेवढं सोडून द्यायचा शब्द तो चारचौघांच्या चढाओढीत देऊन बसला होता. आता फिरवायचा तर खोड हवी, आणि खोड निघेना म्हणून बिचारा चुन्याच्या हातानं चावी उघडायला गेला. मग मात्र त्यांना राग आला. ह्या माणसानं आपल्याला विचारलं नाही ते नाही, स्वतःलाही विचारलं नाही. दया आली आणि रागही आला, पण ह्या दोहोंपायी घर सोडावं असं काही त्यांना वाटलं नाही. त्यांनी तिकिटं वाळवली आणि पुन्हा खिशात ठेवून दिली.

नवव्या दिवशी सकाळी अकराला काकासाहेब आले. खुर्चीवर बसले, भिंतीवरून उतरवलेली कॅलेंडरं पाहून जरा सावरून बसले. नानासाहेबांनी घसा साफ केला. म्हणाले, मास्तर, आम्ही शब्दाची माणसं आहोत, पण बोली ती बोली. मोरी तुंबते, ही एक. लाईट जाते, ही दोन. आणि सहाव्या दिवशी टाकी एका दिवसात अर्ध्यावर आली, म्हणजे तिला पाणी टिकत नाही, ही तीन. तीन खोडींचा बैल कोणी ठेवत नाही, तेव्हा आमचा बयाणा द्या आणि राग मानू नका.

काकासाहेबांचा चेहरा उतरला. पण तेही खेड्यातले, वाद घातला नाही. एवढंच म्हणाले, की ठीक आहे, एक वाजता दुसरं गिऱ्हाईक यायचं आहे, जालन्याचं आहे, त्यांना दाखवतो. आणि बयाणा काढायला त्यांनी खिशात हात घातला.

वच्छलाबाई दाराच्या आत उभ्या होत्या. आता बोलायचं तर चाळीस वर्षांत मिळवलेली सगळी अब्रू ह्या फरशीवर ठेवावी लागणार होती, परक्या माणसासमोर. आणि न बोलावं तर दुपारच्या बसनं करमाड, आणि मरेपर्यंत साय धरलेला चहा. त्या पदर खोचून पुढं आल्या.

"मास्तर, थांबा. मोरीत फडकं म्या कोंबलं व्हतं."

नानासाहेबांनी मान वळवली.

"लाईट बी म्याच घालवली. आवडाबाईला इचारा, तिनं खटक्यावरचं पीठ पुसलंय. दोन खोडी माज्या हायेत, घराच्या नाय. तिसरी माजी नाय. तिसरीचं ह्यांच्या अंगठ्याला इचारा, चुना अजून हाय का बघा."

 नानासाहेबांनी उजवा अंगठा मुठीत लपवला, आणि लपवला म्हणूनच तो सगळ्यांना दिसला. काकासाहेब आधी खोकले, मग त्यांचे खांदे हलायला लागले, आणि शेवटी ते डोळे पुसू लागले. हसू आवरल्यावर ते म्हणाले, की आता तुम्ही बोललातच तर मीही सांगतो. पाणी चौथ्या दिवशी येतं, टाकी मी टँकरनं भरली होती. आणि ओल दर पावसाळ्यात येते, म्हणून तीन कॅलेंडरं.

"त्ये पहिल्याच दिशी कळलंय," वच्छलाबाई म्हणाल्या. "तरीबी घर मला पाहिजे."

नानासाहेबांनी मूठ उघडली. मग त्यांनी चाळीस वर्षांत न केलेली एक गोष्ट केली, मनातलं बोलले.

"मला नाय करमत इथं. लई करून बघितलं."

"म्हाईत हाय. तिकिटं बघितलीत म्या," वच्छलाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आपोआप मऊ झाला. "तुमी जा की रोज गावाला, म्या कुठं नाय म्हन्ते? म्हशी बघा, पारावर बसा, सांजच्याला या. भाकर करून ठेवीन. पर म्या आता हितंच ऱ्हानार. चाळीस वर्सं म्या तुमच्या घरी नांदले. आता तुमी माज्या घरी नांदा."

काकासाहेबांनी बयाणा खिशात परत ठेवला, पिशवीतून कागद काढला आणि नानासाहेबांकडं बघत विचारलं, की मग घर नावावर कोणाच्या करायचं? नानासाहेबांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि पुन्हा मिटलं.

"तिला इचारा," ते म्हणाले.

काकासाहेबांनी विचारलं. वच्छलाबाईंनी आपलं नाव सांगितलं, बापाचं आणि नवऱ्याचं दोन्ही लावून, आणि मास्तरांनी ते नीट लिहिलं का हे वाकून बघितलं. समोरच्या दारातून आवडाबाई हे सगळं ऐकत होती. ती आता उघड उघड येऊन उंबऱ्यावर बसली आणि दुसरं गिऱ्हाईक आलं तर त्याला काय सांगायचं ते माझ्यावर सोपवा म्हणाली.

साडेबाराची बस होती. नानासाहेबांनी चंची कमरेला खोचली, भाकरीचं फडकं घेतलं आणि चपला घातल्या. दारापर्यंत गेले आणि तिथंच घुटमळले. वच्छलाबाईंना वाटलं काही विसरलं असेल. नानासाहेबांनी एकदा गल्लीकडं पाहिलं, एकदा आत पाहिलं, आणि परक्या घराच्या दारात माणूस विचारतो तसं बिचकत विचारलं,

"सांजच्याला येऊ ना मी?"

 वच्छलाबाईंनी पदरानं उगाच तोंड पुसलं.

"या," त्या म्हणाल्या. "अन् येताना म्हशीचं दूध आना. हितलं लई पानचट हाय."